टीम आणायची तिसरी खेप

कोल्हापूरला व्यावसायिक फुटबॉल टीम आणायची तिसरी खेप सुरू झाली, तेव्हा संघप्रिया एका मंगल कार्यालयाच्या जिन्यावर टेप धरून उभी होती. फोन धैर्यशीलचा होता. त्याची शिरोलीला फौंड्री होती, आणि टीम मिळालीच तर मालक म्हणून सही त्याचीच व्हायची होती.

"मॅडम, आग-बिग लागली तर इमारतीतनं माणसं बाहेर कशी काढायची, त्याचे आराखडे तुम्हीच करता न्हवं?"

"हो."

"आजवर सगळ्यात जास्त किती माणसं काढलीसा?"

"बाराशे. एक कॉलेज होतं."

"आमची अठरा हजार हायत," धैर्यशील म्हणाला. "आणि सगळी फुटबॉल बघायला आलेली."

संघप्रियानं टेप गुंडाळली. बत्तीस वर्षांची ही इंजिनिअर एके काळी विद्यापीठाच्या संघात लेफ्ट बॅक खेळलेली होती. फुटबॉलचा विषय निघाला की हातातलं काम बाजूला ठेवायचं असतं, हे तिला कुणी सांगायची गरज नव्हती. अर्ध्या तासात ती स्टेडियमवर पोचली.

आधीच्या दोन खेपा सगळ्या शहराला पाठ होत्या. पहिल्या खेपेला लीगवाले म्हणाले होते, तुमच्याकडं रात्री खेळायला दिवे नाहीत. शहरानं चार वर्षं खटपट करून दिवे उभे केले, तोवर ती लीगच बंद पडली. दुसऱ्या खेपेला मुंबईची एक कंपनी टीम घेऊन आली. जर्सी ठरली, सात खेळाडू रेल्वे स्टेशनवर उतरले. त्यांची हलगी लावून मिरवणूक निघाली, आणि बरोबर तीन आठवड्यांनी कंपनीनं अंग काढून घेतलं. सातातले सहा परत गेले. मणिपूरचा गोलकीपर इबोम्चा मात्र राहिला. इथं फुटबॉल खेळतात ते पेठापेठांच्या तालमींचे संघ; त्यांतल्या सरदार तालमीनं त्याला आपल्याकडं घेतलं, आणि आता तो पंचाशी कोल्हापुरीत भांडतो.

आता एका नव्या लीगमध्ये एकच जागा शिल्लक होती आणि शर्यतीत दोनच शहरं उरली होती. एक कोल्हापूर, दुसरं समुद्रकाठचं. लीगच्या एकेचाळीस अटी होत्या. चाळीस पुऱ्या झाल्या होत्या. एकेचाळिसावी अट अशी, की सामना संपल्याची शिट्टी झाल्यापासून आठ मिनिटांत भरलेलं स्टेडियम रिकामं झालं पाहिजे. लीगची बाई स्वतः घड्याळ लावून बघणार होती. त्यासाठी तिनं निवडलेला सामना म्हणजे हंगामाची फायनल, वाघजाई तालीम विरुद्ध सरदार तालीम.

"दुसरा कुठला सामना मिळाला नाही का?" संघप्रियानं विचारलं.

"त्यांना गर्दी बघायची हाय," धैर्यशील म्हणाला. "गर्दी हितंच असत्या."

स्टेडियम खोलगट होतं. मधे मैदान, भोवती सिमेंटच्या पायऱ्या आणि बाहेर पडायला चार दारं. त्यांतलं उत्तरेचं दार सगळ्यात मोठं. दोन्ही तालमींच्या पेठा त्याच बाजूला असल्यानं प्रत्येकाला त्याच दारातून जायचं असायचं. संघप्रियानं दोन दिवस पायऱ्या मोजल्या, दारं मोजली, आकडे मांडले. कागदावर स्टेडियम सहा मिनिटांत रिकामं होत होतं. ती खूश होऊन वाघजाई तालमीच्या हॉलमध्ये दोन्ही तालमींच्या बैठकीला गेली आणि तिथं दादासोंनी तिचा कागद न बघताच परत दिला.

दादासो सदुसष्ट वर्षांचे. वाघजाईचे जुने गोलकीपर, आता अध्यक्ष. चेंडू अडवून अडवून उजव्या हाताची दोन बोटं कायमची वाकडी झालेली.

"पोरी, जिंकलेला आधी उत्तर दारानं जातो आणि हरलेला आत बसून ऱ्हातो. माझ्या जन्माआधीपास्नं असंच हाय."

"किती वेळ बसून राहतो?"

"गुलाल उधळायचा, हलगी वाजवायची, मिरवणूक कोपऱ्यावरनं वळंस्तोवर. अर्धा तास धर."

"काका, आपल्याकडं आठ मिनिटं आहेत."

"मग जिंकून उपेग काय?" असं म्हणून बयाबाई मोठ्यानं हसल्या. बयाबाई मंडईत भाजी विकायच्या आणि तीस वर्षं सरदार तालमीच्या बाजूला, खालून चौथ्या पायरीवर बसायच्या. त्या कुठल्याच कमिटीवर नव्हत्या, पण सरदारच्या बाजूला त्यांनी "गप बसा" म्हटलं की पाच हजार माणसं गप बसत. खास या बैठकीसाठी त्या पहिल्यांदाच वाघजाईच्या हॉलमध्ये आल्या होत्या आणि चहाला मात्र त्यांनी नाही म्हटलं होतं.

स्टेडियम रिकामं करायचा पहिला सराव रविवारी सकाळी झाला. दोन्ही बाजूंची मिळून तीन हजार माणसं आली. संघप्रियानं शिट्टी फुंकली. कुणीही उठलं नाही. वरच्या पायऱ्यांवर मागच्या वर्षीच्या पेनल्टीवरून वाद चालला होता. तो मिटल्यावर माणसं उठली आणि उत्तर दाराशी गेली. त्या दिवशी सामना झालाच नव्हता, त्यामुळं दोन्ही तालमींनी आपणच जिंकलो असं धरलं आणि आधी जायचा मान मागितला. शेवटचा माणूस बाहेर पडला तेव्हा एकोणीस मिनिटं झाली होती आणि एकाचा शर्ट फाटला होता.

"झालं," धैर्यशील पायरीवर बसत म्हणाला. "ही खेपबी गेली."

संघप्रिया मात्र दाराकडं बघत उभी होती. तिचं गाव शिरोळ तालुक्यात, कृष्णेकाठी. २०१९च्या पुरात भोंग्यावरून "गाव सोडा, पाणी चढतंय" असा पुकारा दोन दिवस चालला होता. पण माणसं उंबरा सोडायला तयार नव्हती. मग चिमणाबाई नावाची एक म्हातारी आपल्या शेळीचं दावं धरून ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत चढली. चिमणाबाई निघाली म्हणजे आता खरंच निघायला पाहिजे, असं म्हणत बौद्धवाड्यापासून पाटलांच्या गल्लीपर्यंत सगळा गाव तासाभरात ट्रॉल्यांत बसला. भोंग्यानं जे झालं नव्हतं ते त्या म्हातारीनं एक शब्द न बोलता केलं होतं.

"बयाबाई," संघप्रिया वळून म्हणाली, "तुमच्या बाजूला वीस जिने आहेत. प्रत्येक जिन्यावरची माणसं कुणाचं ऐकतात, ते मला सांगा. पोलीस नको, कमिटी नको. माणूस सांगा."

बयाबाईंनी डोळे मिटले आणि भडाभडा नावं सांगायला सुरुवात केली. "पयल्या जिन्याला आकाराम गॅरेजवाला. निम्म्यांच्या गाड्या त्येच्याकडं अडकलेल्या असत्यात, त्येचं ऐकत्यात. दुसऱ्याला शाळेतल्या संयोगिताबाई. त्यांनी हाणलेली पोरं आता बाप झाल्यात, तरीबी भित्यात." हे ऐकून दादासोंनाही राहवलं नाही. त्यांनी वाघजाईच्या बाजूची वीस नावं जागेवर लिहून दिली आणि वर म्हणाले, "आमची माणसं जास्त वजनदार हायत."

ती चाळीस माणसं आपापल्या जिन्याची प्रमुख झाली, आणि उत्तर दाराच्या मधोमध लोखंडी पाइपचा कठडा बसवला गेला. डावीकडून वाघजाई, उजवीकडून सरदार. जिंकलेले आणि हरलेले एकाच वेळी, खांद्याला खांदा लावून बाहेर. हे ऐकून पोलीस इन्स्पेक्टरांनी कपाळावर हात मारला. दुसऱ्या सरावाला अकरा मिनिटं लागली, तिसऱ्याला साडेनऊ. आठ काही झाली नाहीत, आणि फायनलचा दिवस उजाडला.

तो दिवस ज्यांनी पाहिला ते अजून सांगतात. दुपारी दोनलाच पायऱ्या भरल्या. एका बाजूला वाघजाईचा पिवळा, दुसऱ्या बाजूला सरदारचा लाल. मैदानाबाहेरच्या झाडांवर माणसं, शेजारच्या गच्च्यांवर माणसं. आजऱ्याहून, जयसिंगपूरहून गाड्या भरून आलेल्या. हलग्यांनी कानठळ्या बसत होत्या. लीगची अधिकारी अनुजा पुण्याहून आली होती. पस्तिशीची, गळ्यात ओळखपत्र, हातात स्टॉपवॉच. ती पॅव्हेलियनच्या गच्चीवर संघप्रियाशेजारी उभी राहिली आणि पाच मिनिटं नुसती बघतच राहिली.

"हे नेहमीचं आहे?" तिनं ओरडून विचारलं.

"आज जरा कमी आहेत," संघप्रिया ओरडून म्हणाली. "परीक्षा आहेत ना!"

सरदारनं पहिल्या वीस मिनिटांत गोल केला, वाघजाईनं मध्यंतराआधी फेडला. मग इबोम्चानं एकामागून एक चार फटके अडवले आणि लाल बाजू त्याच्या नावानं पेटली. अठ्ठ्याऐंशीव्या मिनिटाला वाघजाईला कॉर्नर मिळाला. चेंडू हवेत आला, गर्दीतून सूरज नावाचा त्यांचा सडपातळ फॉरवर्ड सगळ्यांच्या वर उठला, आणि पुढच्या क्षणी जाळं हललं. पिवळी बाजू अशी उसळली की गच्ची पायाखाली थरथरली. अनुजा स्वतःच टाळ्या वाजवत होती. मग आपण परीक्षक आहोत हे आठवून ती थांबली.

शेवटची शिट्टी झाली. अनुजानं घड्याळ दाबलं.

पहिली वीस सेकंदं काहीच झालं नाही. मग वाघजाईचा एक तरणा गडी गुलालाची पिशवी दातात धरून जाळीवर चढला. त्याच्यामागं दुसरा, मग दहा. ते मैदानात उतरले असते तर पाच हजार उतरले असते.

"ए! खाली उतर!" लाउडस्पीकरवर दादासोंचा आवाज फुटला. "गुलाल भाईर! दाराभाईर! आज हितं एक चिमूटबी सांडायचा न्हाय. आदी भाईर चला, मग मला बुडवा त्यात!"

जाळीवरचा गडी थबकला. त्याच्या जिन्याचा प्रमुख खालून त्याचा पाय ओढत होता, आणि तो प्रमुख त्याचा सख्खा मामा होता. गडी उतरला. पिवळी बाजू हलली.

पण लाल बाजू बसूनच होती. हरल्यावर बसून राहायचं, ही सवय अंगात भिनलेली. संयोगिताबाई हात हलवत होत्या, आकाराम ओरडत होता. एक मिनिट दहा सेकंद झाले. मग खालून चौथ्या पायरीवर बयाबाई उठल्या. पदरानं डोळे पुसले आणि मागं वळून इतक्या जोरात ओरडल्या की समोरच्या बाजूला ऐकू गेलं.

"उठा की! बघत काय बसलाय? हरलोय, मेलो न्हाय!"

आणि लाल बाजू उठली. पाण्याला वाट सापडावी तशी माणसं जिन्यांनी खाली वाहू लागली. उत्तर दारात कठड्याच्या दोन्ही बाजूंनी पिवळे आणि लाल एकमेकांना घासत निघाले. कुणी कुणाकडं बघत नव्हतं, सगळे नाकासमोर बघत चाललेले. तेवढ्यात कुणाला तरी राहवलं नाही. पिवळ्या बाजूनं मूठभर गुलाल उडाला आणि नेमका बयाबाईंच्या डोक्यावर पडला.

दार थांबलं. इन्स्पेक्टर पुढं सरकले.

बयाबाईंनी कपाळावरून ओघळलेला गुलाल बोटानं पुसला आणि कठड्यापलीकडच्या पोराला नीट न्याहाळलं. "उद्या मंडईत ये," त्या म्हणाल्या. "ही साडी तूच धुवायचीस." आणि पुढं निघाल्या. दोन्ही बाजू खदाखदा हसल्या आणि दार पुन्हा वाहू लागलं.

शेवटचा माणूस बाहेर पडल्याचा इशारा चारही दारांवरून आला. अनुजानं घड्याळ दाबलं, मग संघप्रियापुढं धरलं. सात मिनिटं एक्केचाळीस सेकंद.

संघप्रिया गच्चीवरून ओरडत सुटली. काय ओरडली ते तिलाच आठवत नाही. जिने उतरून ती दाराबाहेर पोचली तेव्हा दादासो नखशिखान्त गुलालानं भरलेले होते, धैर्यशील हलगीपुढं नाचत होता, आणि लाल शर्टवाल्यांनीही ताल धरला होता. सामना हरल्याचं दुःख उद्यावर टाकून सरदार तालीम त्या वाचलेल्या एकोणीस सेकंदांवर नाचली.

फायनलनंतर एकोणिसाव्या दिवशी सकाळी दहाला धैर्यशीलनं संघप्रियाला आणि दादासोंना ऑफिसात बोलावलं. त्यानं लीगचा ईमेल मराठीत करून वाचून दाखवला. कोल्हापूरनं एकेचाळीस अटी पूर्ण केल्या आहेत, प्रेक्षकांची शिस्त वाखाणण्याजोगी आहे. तथापि मोठा विमानतळ, मोठी हॉटेलं आणि जाहिरातदारांची पसंती लक्षात घेऊन टीम दुसऱ्या शहराला देण्यात येत आहे.

"म्हंजे आमी पास झालो," दादासो सावकाश म्हणाले, "आणि तरीबी नापास?"

संघप्रियाला राग आला होता, पण तो कुणावर काढावा हे कळत नव्हतं. चाळीस जिन्यांवरच्या चाळीस माणसांना तिनं स्वतः फोन करून सांगितलं. बयाबाईंनी ऐकून घेतलं आणि "बरं" एवढंच म्हणून फोन ठेवला. त्यांना इतकं कमी बोलताना कुणी ऐकलं नव्हतं.

चार दिवसांनी अनुजाचा फोन आला.

"संघप्रिया, विचारायला मला लाज वाटते. तिकडचं स्टेडियम रिकामं व्हायला सतरा मिनिटं लागली. दोन महिन्यांत पहिला सामना आहे. तुमचा आराखडा... तुम्ही याल का?"

"उद्या सांगते," संघप्रिया म्हणाली आणि संध्याकाळी वाघजाईच्या हॉलमध्ये गेली. बातमी ऐकताच हॉल खवळला. "टीम नेली, आता डोकंबी नेणार व्हय!" "एक कागद द्यायचा न्हाय!" तिनं सगळ्यांना बोलू दिलं. मग म्हणाली, "मला तिथं जावंसं वाटत नाही. पण सतरा मिनिटं फार आहेत. काही झालं तर माणसं चेंगरतील."

कोपऱ्यातून बयाबाई बोलल्या. "लेकरं घेऊन येत असतील की तिथंबी."

दादासोंनी वाकड्या बोटांनी खुर्चीचा हात दोनदा वाजवला.

"दे," ते म्हणाले. "पर सांग त्यास्नी, बदल्यात एक गोष्ट पायजे. त्यांची टीम हितं खेळाय आणा. आमच्यासंगं. खरी मॅच, पुरी नव्वद मिनिटं."

अनुजानं मालकांशी, प्रशिक्षकांशी भांडून ते कबूल करून घेतलं. संघप्रिया आठ दिवस त्या समुद्रकाठच्या शहरात राहिली. तिथं तिनं मासळी बाजारातल्या बायकांना आणि एका बँड मास्तरांना जिन्यांवर उभं केलं आणि सतराची साडेसात करून दिली.

इकडं शहराला वेगळाच ताप चढला होता. वाघजाई आणि सरदार पहिल्यांदाच एक टीम उतरवणार होते. जर्सीच्या रंगावरून चार बैठका मोडल्या. पिवळा नको, लाल नको, दोन्ही मिळून केशरी होतो तोही नको. शेवटी पांढरा ठरला, कारण तो कुणाचाच नव्हता. गोलमध्ये इबोम्चा, पुढं सूरज, मधल्या फळीत सरदारचे चौघं.

सामन्याच्या दिवशी पायऱ्यांवर पिवळे कुठं आणि लाल कुठं ते कळत नव्हतं. बयाबाई आपल्या चौथ्या पायरीवर होत्या. दादासो येऊन शेजारी बसले. या वेळी चहा दादासोंनी मागवला आणि बयाबाईंनी घेतला.

पाहुण्यांनी तिसाव्या मिनिटापर्यंत दोन गोल चढवले. पगारी खेळाडू ते, पास असे देत की आपली पोरं नुसती वळून बघत. पण उत्तरार्धात पाहुणे जरा सैलावले, आणि सरदारच्या हाफबॅकनं चाळीस यार्डांवरून चेंडू असा काढून दिला की सूरजला फक्त पाय लावायचा होता. दोन-एक! वाघजाईची सगळी बाजू सरदारच्या हाफबॅकचं नाव घेऊन ओरडत होती. असं कधी झालं नव्हतं. संघप्रिया दादासो-बयाबाईंच्या मागं उभी राहून किंचाळत होती. तिचा घसा केव्हाच गेला होता.

"पास दे! अरे, डावीकडं रिकामं हाय!" बयाबाई उभ्या राहून ओरडल्या.

पोरानं ऐकलं म्हणून असेल किंवा त्याला दिसलं म्हणून असेल, चेंडू डावीकडं गेला. लेफ्ट बॅक धावत आला, क्रॉस आला, पाहुण्यांच्या कीपरच्या हातातून सुटला, आणि त्या धुमश्चक्रीत कुणाच्या तरी गुडघ्याला लागून आत गेला. दोन-दोन! सहा मिनिटं बाकी होती आणि ती सहाच्या सहा मिनिटं सगळं स्टेडियम उभं होतं. सूरजचा शेवटचा फटका खांबाला लागून बाहेर गेला तेव्हा अठरा हजार माणसांनी एकदम डोक्याला हात लावले.

सामना बरोबरीत सुटला. पाहुण्यांचे प्रशिक्षक धैर्यशीलकडं चालत आले. त्यांना मराठी येत नव्हतं, अनुजानं सांगितलं, "ते म्हणतायत, हंगामाआधी दरवर्षी इथं खेळायला आवडेल. असे प्रेक्षक त्यांनी पाहिले नाहीत."

धैर्यशील काही बोलायच्या आत दादासो पुढं झाले. "दरवर्षी म्हंजे एकदाच व्हय? त्यास्नी म्हणावं, दोनदा या की!"

अनुजानं ते हसत हसत सांगितलं, आणि प्रशिक्षकांनी हात पुढं केला. दादासोंनी तो आपल्या वाकड्या बोटांत धरला आणि बराच वेळ सोडला नाही. मागं पांढऱ्या जर्सीतली पोरं इबोम्चाला खांद्यावर घेऊन मैदानाला फेरी मारत होती, आणि बयाबाई जाळीला धरून त्यांना सांगत होत्या, पुढच्या टायमाला दोन गोल आधीच खायचे न्हाईत.